दुकानाची वेबसाइट कोणाच्या नावावर? आधी हे तपासा

कळमेश्वर : काटोल रोडवरचं दुकान असो की गावातली रोपवाटिका, गिऱ्हाईक आता आधी मोबाइलवर शोधतं. म्हणून दुकानदार कोणाकडून तरी वेबसाइट बनवून घेतात. पण शेत घेताना सातबारा पाहतो, तसं इथं नाव पाहत नाही.

वेबसाइटचा पत्ता म्हणजे डोमेन. तो कायमचा मिळत नाही; १ ते १० वर्षांसाठी नोंदवावा लागतो. नोंद वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर असली अन् तो पुण्याला निघून गेला, तर नूतनीकरणाचा मेल त्यालाच जातो. मुदत टळली की वेबसाइट बंद. पुढं तोच पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो. बोर्डावर, बिलावर छापलेलं सारं वाया जातं.

हे करा :

• डोमेनची नोंद मालकाच्या नावावर, त्याच्याच ईमेल व मोबाइल नंबरवर करा.
• मुदतीची तारीख, पासवर्ड वहीत लिहून कुलुपात ठेवा.
• गूगल नकाशावर दुकानाची नोंद करायला गूगल पैसे घेत नाही. तिथं ‘मालक’ स्वतः राहा, काम पाहणाऱ्याला ‘व्यवस्थापक’ करा.
• ओटीपी कोणालाही सांगू नका. पैशांची फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा.