वेढ्यातली भावकी

पहिल्या महायुद्धातल्या शिपायाचे घराशी नाते शोधायचे म्हटले की अभ्यासक आधी त्याची पत्रे काढून बसतात. फ्रान्समधल्या हिंदी सैन्याची पत्रे सेन्सॉरने उघडून भाषांतरित केली, म्हणून ती हाताशी आहेत. पण त्यांत बोलतो तो मुख्यतः पंजाब. मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात होत्या. शिवाय पत्रात शिपायाचे मन सापडते, हे गृहीतच कच्चे आहे. १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातले शंभरात जेमतेम अकरा पुरुष साक्षर होते, बायकांत शंभरात एक. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा. वऱ्हाडात मलकापूरला रेल्वेतून उतरलेले टपाल घाट चढून बुलढाण्याकडून देऊळघाटासारख्या गावात पोचले, तरी ते वाचून दाखवायला मास्तर किंवा पटवारी गाठावा लागणार. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदात माणूस बायकोला काय लिहील? खुशाली, पावसापाण्याची चौकशी, बैलजोडीचे काय झाले, एवढेच.

खरा पुरावा ताटात आहे. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ मेसोपोटेमियातल्या कूट-अल-अमाराला तुर्कांचा वेढा होता. आत सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या. धान्य आटले तेव्हा गोरे सैनिक घोड्याचे मांस खाऊ लागले. बहुतेक हिंदी शिपायांनी ते नाकारले, आणि भाजीपालाही नसल्याने त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हा धर्माचा प्रश्न होता, असे कोणी म्हणेल. पण सेनापती टाउनशेंडने बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवून जाहीर केली, तरी नकार सुटला नाही. गावी परतल्यावर पंक्तीला कोण घेईल, पोरीबाळींची लग्ने कशी होतील, ही धास्ती उरलीच. परवानगी शास्त्राची मिळाली होती, भावकीची नव्हती. एप्रिलमध्ये शिधा सुमारे पाच औंस पिठावर आला, तेव्हा कुठे हजारोंनी तोंडाला मांस लावले.

ही धास्ती आपल्याला कळते ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून, आणि पराभवाचे खापर फोडायला त्यांना कोणी तरी हवेच होते. आक्षेप रास्त आहे. तरीही नुसते खापरच फोडायचे तर ‘धर्मवेड’ हा शब्द पुरला असता. गावाची भीती कल्पून काढायचे कारण नव्हते. शिवाय ती पलटणीच्या रचनेशी जुळते. भरती जातवार कंपन्यांची, बरेचदा नातलगाच्या ओळखीने. शेजारच्या खंदकातला माणूस शेजारच्या वाडीतलाही असू शकत होता. म्हणजे गाव मागे राहिलेच नव्हते. एप्रिलमधला बदलही यातूनच कळतो: सगळ्यांनीच खाल्ले की चहाडी करायला कोणी उरत नव्हते.

हा तर्क कोकण-साताऱ्याला जास्त लागू पडतो, कारण मराठा भरतीचा भर तिकडेच होता. पैनगंगेच्या उगमाकडचा एखादा एकटा वऱ्हाडी गडी अशा कंपनीत असता, तर त्याच्या ताटावर नजर ठेवायला भावकीतले कोणी नसते. अशा शिपायाला घराशी बांधणारे दोनच धागे उरतात: महिना अकरा रुपयांच्या पगारातून वाचवून पाठवलेली मनीऑर्डर, आणि तेच दुसऱ्याच्या अक्षरातले पत्र.