घरगुती ध्वनिमुद्रण : स्वस्त उपकरणांची निवड

घरातल्या खोलीत संगणकावर गायन-वादन मुद्रित करण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत जामखेड (जि. अहिल्यानगर) परिसरातील संगीत बारी, भजनी मंडळे व कीर्तनाची साथ यांचा विचार प्रामुख्याने केला आहे. जामखेडची कलाकेंद्रे लावणीच्या बैठकीसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील गाणे गळा, पेटी, तबला आणि ढोलकी एकत्र बसल्यावरच उभे राहते. गाणारीच्या नजरेवर ढोलकी तोडा बांधते. एकेक वाद्य वेगळे मुद्रित करून मागाहून जोडण्याची रीत या गाण्याला मानवत नाही. उपकरणांची निवड या एका गोष्टीवर ठरते.

पूर्वपीठिका : टीॲक कंपनीने १९७९ मध्ये कॅसेटवर चार मार्गिका मुद्रित करणारे पोर्टास्टुडिओ हे यंत्र आणले. ऑडेसिटी हा मोफत प्रोग्राम २००० साली आला.

खोली : पत्र्याचे छप्पर, फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे आवाज घुमतो व हा घुमारा मागाहून काढता येत नाही. खाली सतरंजी, भिंतींवर जाड गोधड्या व गाणाऱ्याच्या मागे कपड्यांनी भरलेले कपाट एवढ्याने चिरका प्रतिध्वनी बराच कमी होतो; ढोलकीचा खर्ज मात्र गोधडीला आवरत नाही. पंखा बंद ठेवावा.

माइक : मंडळाकडे बहुधा अहुजाचा किंवा तत्सम डायनॅमिक माइक असतोच. सुरुवातीला तोच वापरावा. हा माइक जवळचे घेतो, लांबचे सोडतो, त्यामुळे अनेक साथीदार असलेल्या छोट्या खोलीत तो उपयोगी पडतो. कंडेन्सर माइक अधिक बारकावे टिपतो. पण रस्त्यावरचा ट्रॅक्टरही टिपतो आणि त्याला ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा लागतो. गळ्यासाठी दोहोंपैकी कोणता चांगला, याबाबत मतभेद आहेत. ढोलकीचा माइक हात-दीड हात लांब, दोन्ही पुड्यांच्या मधोमध ठेवावा. फक्त उजव्या पुडीजवळ ठेवल्यास टणत्कार येतो, घुमार जातो. पेटीचा माइक भात्यासमोर न ठेवता वरून तिरका धरावा. फार जवळ नेल्यास पट्ट्यांची टकटक गाण्यावर चढते.

इंटरफेस : माइकचा विद्युत्-संकेत संगणकाला समजेल अशा अंकांत बदलणारी पेटी. यूएसबी माइक स्वस्त पडतो, परंतु असे दोन माइक एकाच वेळी चालवणे त्रासाचे असते. म्हणून निदान दोन माइकचे इनपुट असलेला इंटरफेस घ्यावा : एक गळ्याला, दुसरा ढोलकी-पेटीच्या मध्ये. बेरिंजर, फोकसराइट इत्यादी कंपन्यांचे छोटे इंटरफेस यूएसबीवरूनच वीज घेतात. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहते. चार्जर काढल्याने कित्येकदा गुणगुणही थांबते. येथे एक अडचण नेहमी येते. मंडळाच्या माइकची वायर अनेकदा पी-३८ जॅकची असते. ती इंटरफेसला जोडल्यास आवाज माइकच्या प्रवर्धकातून जात नाही, क्षीण येतो व माइक बिघडल्याचा समज होतो. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली वायर घेतली की नव्या माइकचा खर्च वाचतो. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करावे व ढोलकीचा सर्वांत जोरकस ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवावी. ध्वनी संगणकातून फिरून कानी येईपर्यंतचा विलंब लयीला मारक ठरतो; ‘डायरेक्ट मॉनिटर’ची कळ असलेला इंटरफेस घेतल्यास तो टळतो.

हेडफोन : कान पूर्ण झाकणारे.

साठवण : दोन मार्गिकांचे तासाभराचे मुद्रण सुमारे १ जीबी जागा घेते. मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवावी. एमपी३ केवळ वाटण्यासाठी. फाइलच्या नावात गाणारीबरोबर ढोलकीवाला व पेटीवाला यांचीही नावे आणि तारीख घालावी. कॅसेटच्या वेष्टनांवर साथीदारांची नावे पुष्कळदा छापलीच गेली नाहीत, आणि ती आता कोणाला विचारणेही शक्य राहिलेले नाही.