सैल बांधू नका : रुमालातल्या पोथीपासून स्लॅबमधल्या कॉमिकपर्यंत



पाटणात आषाढ-श्रावणात कागदाचं काय होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कपाटातलं पुस्तक हाताला दमट लागतं आणि रेशनकार्डसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीतून न्यावं लागतं. म्हणूनच आजचा विषय इथे मांडावासा वाटला. मोलाचा कागद एका गावाहून दुसऱ्या गावाला सुखरूप कसा पोचवायचा? आजकाल हा प्रश्न सगळ्यात जास्त कोण विचारतं, तर कॉमिक्स जमवणारे. सुरुवात त्यांच्यापासून करू, मग मागे जाऊ.

इंद्रजाल कॉमिक्स 1964 च्या मार्चमध्ये सुरू झाली. टाइम्स ऑफ इंडियाची ही मालिका, मराठीतही निघायची. इकडे कोयनेच्या धरणाचं काम होत होतं ते हेच दिवस. वेताळ, मँड्रेक, पुढे 1976 साली आबिद सुरतींचा बहादूर. 1990 मध्ये ती बंद पडली. हे अंक जपायचे असतात असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. वाचायचे, मित्राला द्यायचे, मग रद्दीत. म्हणून तर आज धड स्थितीतला अंक मिळणं मुश्किल.

अमेरिकेत हा हिशेब फार पुढे गेला. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो 1938 चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक. किंमत होती 10 सेंट. त्याची एक प्रत 2024 च्या एप्रिलमध्ये 60 लाख डॉलरला विकली गेली. तिची प्रतवारी होती 10 पैकी 8.5. ही प्रतवारी देणारी सीजीसी ही कंपनी 2000 साली सुरू झाली. अंक तपासायचा, 0.5 ते 10 मध्ये आकडा द्यायचा आणि पारदर्शक कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करायचा. या पेटीला जमवणारे ‘स्लॅब’ म्हणतात. आपल्याला स्लॅब म्हटलं की घराचं छत आठवतं, पण मजबुतीची कल्पना तीच!

आता गंमत अशी, की इतक्या कडक पेटीतला अंकसुद्धा प्रवासात खराब होतो. पेटी आपटली की कोपरे तडकतात, हे दिसतं तरी. पण पेटी शाबूत राहून आतला अंक आतल्या आत सरकत, हिंदकळत राहिला, तर त्याच्या कडा दुमडतात. बाहेरून काही कळत नाही. आणि पेटी पाणी रोखणारी नसते, हेही लक्षात ठेवा.

आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी जुने इंद्रजाल आम्ही एका स्नेह्याला पार्सलने पाठवले. स्लॅब वगैरे नाही, साधे अंक. वर्तमानपत्रात गुंडाळले, दोन रबर लावले आणि मोठ्या खोक्यात टाकले. मोठं खोकं म्हणजे सुरक्षित, असा आमचा समज! खोकं पोचलं धडधाकट. आत रबरांनी कडा कापल्या होत्या, कोपरे मऊ झाले होते, आणि दमट हवेने पिनांचा गंज मधल्या पानांवर उतरला होता. दोष पार्सलवाल्याचा नव्हता, बांधणाऱ्याचा होता.

तेव्हा आम्हाला पोथ्यांच्या शेवटी येणारा तो जुना श्लोक आठवला. तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. त्यात ग्रंथ स्वतःच बोलतो. म्हणतो, मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. तेल आणि पाणी कुणालाही सुचेल. पण सैल बांधणी? ती ज्याला सुचली त्याने पोथ्या हाताळल्या होत्या, खराब झालेल्या पाहिल्या होत्या.

का, ते बघा. आपली जुनी पोथी शिवलेली नसे. सुटी, आडवी पानं. ती एकावर एक रचायची, खाली-वर लाकडी फळी, आणि सगळं कापडात घट्ट आवळून दोरीने बांधायचं. गाठोडं सैल झालं की पानावर पान घासतं, कडा झिजतात, आणि कडेजवळची अक्षरं जातात. फळी मार खाते, कापड धूळ अडवतं, आणि आवळलेली गाठ पानांना हलू देत नाही. आपल्या आजच्या विषयाचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं.

दप्तरांचंही तसंच. पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही ‘रुमाल’ या हिशेबाने मोजले जातात. रुमाल म्हणजे कागद बांधायचा चौकोनी कापडी तुकडा. म्हणजे वेष्टनाचं नावच मोजमाप झालं. राजाकडच्या पत्राला आपण खलिता म्हणतो, तो शब्दही मुळात पत्राच्या थैलीचा. पावसाळ्यात त्यावर मेणकापड.

आपल्या जिल्ह्यात या कागदांचा मोठा प्रवास झालाय. इतिहासाचार्य राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड 1898 साली काढला, तो वाईला मिळालेल्या कागदांवर. पुढे ते गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत राहिले. साताऱ्यात पारसनीसांनी मोठा संग्रह उभा केला. 1939 साली तो पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. हे कागद आज वाचता येतात, कारण कुणीतरी ते नीट बांधले होते.

आणखी एक कारण आहे. जुन्नरी, दौलताबादी असा तो हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा. दोनशे-अडीचशे वर्षं झाली तरी टिकतो. कॉमिकचा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्त. त्यातलं आम्लच त्याला पिवळा आणि ठिसूळ करतं. म्हणजे पेशव्यांच्या पत्रापेक्षा 1970 चा वेताळ नाजूक!

मग आज काय करायचं? तेच चार नियम. पाणी : स्लॅब आधी प्लास्टिकच्या पिशवीत. तेलाच्या जागी आता चिकटपट्टी आली. ती पेटीवर थेट लावू नका, डाग आणि ओरखडा दोन्ही राहतात. सैल बांधणी : पेटीभोवती बबलचं आवरण, मग पेटीपेक्षा चारी बाजूंनी मोठे असे दोन जाड पुठ्ठे. या आपल्या पोथीच्या फळ्या. हे सगळं एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि मधल्या जागेत सगळीकडून दोनेक इंच भराव. शेवटी खोकं कानाशी धरून हलवा. आत काही हललं, तर उघडा आणि पुन्हा भरा. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला ट्रक जातो, त्या प्रत्येक वळणाला तो हेच करणार आहे. पूर्वी पोस्टात पार्सल द्यायचं तर कापडात घालून दाभणाने शिवायचे आणि लाखेची मोहोर लावायचे. मोहोर ही चौथ्या नियमाची सोय, मूर्खाचा हात लागला तर कळावं म्हणून.

पण एका ठिकाणी पोथी आणि स्लॅब वेगळे होतात, आणि आम्हाला खरं बोलायचंय ते यावरच. रुमाल बांधायचा तो पुन्हा सोडण्यासाठी. पोथी वर्षातून एकदा तरी उघडायची, ऊन द्यायचं, वाचायची. स्लॅब फोडला की प्रतवारी गेली. म्हणजे ते कॉमिक जपलं जातं ते कायमचं न वाचण्यासाठी. अमेरिकेत त्या अंकाचं पुनर्मुद्रण झालंय, मजकूर सुरक्षित आहे. आपल्या मराठी इंद्रजालांचं तसं नाही. एखादा अंक दोन-चार घरांतच उरलेला असू शकतो. तो न वाचता पेटीत गेला, तर त्यातलं मराठीही पेटीत गेलं.

आणि पाणी कुणाला सोडत नाही. आपल्या कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीला जातं. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगली नगर वाचनालयाचे ग्रंथ पाण्यात गेले. तिथे कुठली गाठ उपयोगी पडणार?

म्हणून आमचं सांगणं एवढंच. जुना अंक विकायचा असेल, जरूर विका. प्रतवारीला पाठवायचा असेल, जरूर पाठवा. पण आधी पानन् पान स्कॅन करा, निदान मोबाइलवर फोटो काढा. मग बांधा. आणि बांधाल तेव्हा सैल बांधू नका.

आता प्रश्न घेऊ. आणि कुणाच्या माळ्यावर चांदोबा, किशोर, इंद्रजाल असतील, तर पुढच्या वेळी घेऊन या. मात्र पिशवीत, दोन पुठ्ठ्यांमध्ये!