हिएइ पर्वतावरचे चालणारे भिक्खू

तथागतांनी पंचेचाळीस वर्षे पायी चारिका केली, हे आपल्या विहारात लहान पोरांनाही ठाऊक आहे. वर्षावासाचे तीन-चार महिने सोडले तर त्यांचा मुक्काम एका जागी नसायचा. पण चालणे हीच साधना मानून एकाच डोंगराला वर्षानुवर्षे फेरी घालणारे भिक्खू जपानात आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेत तिचा इतिहास थोडक्यात देत आहोत.

क्योतो शहराच्या ईशान्येला हिएइ नावाचा पर्वत आहे. उंची ८४८ मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने काही फार नाही. इ.स. ७८८ मध्ये साइचो या भिक्खूने तिथे विहार उभारला. त्याचाच पुढे एनर्याकुजी हा मोठा संघाराम झाला. हा तेंदाइ पंथ. त्याचा मुख्य आधार सद्धर्मपुंडरीक सूत्र. याच पंथातल्या सोओ (८३१–९१८) या भिक्खूने डोंगरफेरीची साधना सुरू केली, असे परंपरा मानते. तिला 'काइहोग्यो' म्हणतात.

सोओला ही प्रेरणा मिळाली ती त्या सूत्रातल्या एका बोधिसत्त्वाकडून, असे सांगतात. त्याचे नाव सदापरिभूत. हा काही मोठा पंडित नव्हता. रस्त्यात जो भेटेल त्याला नमस्कार करून तो म्हणायचा, मी तुम्हाला कमी लेखत नाही, तुम्हीही बुद्ध होणार आहात. लोक चिडायचे, काठ्या-दगड मारायचे. हा लांब पळून जायचा आणि तिथून मोठ्याने पुन्हा तेच सांगायचा. गंमत अशी की या नावाची फोड दोन तऱ्हांनी होते. 'सदा परिभूत' म्हटले तर नेहमी हिणवला गेलेला, आणि 'सदा अपरिभूत' म्हटले तर कधीच न हिणवला गेलेला. चिनी भाषांतर करणाऱ्या कुमारजीवाने तर 'कुणालाही न हिणवणारा' असा अर्थ घेतला. आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. या एका नावात आपल्याला किती सापडते, ते वेगळे सांगायला नको.

तर हिएइवरचा साधक मध्यरात्रीनंतर निघतो. अंगात पांढरी वस्त्रे, पायात गवती चपला, हातात कंदील, डोक्यावर कमळाच्या पानासारखी लांबट टोपी. अंधारात, पावसात, जंगलातल्या पायवाटांनी सुमारे तीस किलोमीटरची फेरी. पाश्चात्त्यांनी त्यांना 'मॅरेथॉन भिक्खू' म्हटले खरे, पण ही शर्यत नव्हे. वाटेत अडीचशेहून अधिक ठिकाणी थांबून वंदन करायचे असते. तेही नुसत्या मूर्तींना नाही. झाड, दगड, झरा, सगळ्यांना. झपाझप चालायचे, थांबायचे, हात जोडायचे, पुन्हा चालायचे.

पहिली तीन वर्षे दरवर्षी शंभर दिवस, पुढची दोन वर्षे दोनशे-दोनशे दिवस. सहाव्या वर्षी शंभर दिवस रोज साठ किलोमीटर. सातव्या वर्षी आधी शंभर दिवस रोज चौऱ्याऐंशी किलोमीटर, आणि तेही क्योतो शहरातून, जिथे माणसे रस्त्याच्या कडेला बसून वाट बघतात आणि साधक एकेकाच्या डोक्याला माळ टेकवत पुढे जातो. शेवटचे शंभर दिवस पुन्हा तीस किलोमीटर. सगळे मिळून सुमारे अडतीस हजार किलोमीटर भरतात. पृथ्वीची एक प्रदक्षिणा म्हणा ना!

यातले सगळेच आम्हाला पटते असे नाही. सातशे दिवस झाल्यावर साधक नऊ दिवस अन्न, पाणी, झोप सोडून मंत्रजप करत बसतो. आडवेही व्हायचे नाही. साधना अर्धवट राहिली तर जीव द्यावा म्हणून सोबत दोरी आणि सुरी बाळगण्याची रीत आहे. ज्या सिद्धार्थाने सहा वर्षांच्या देहदंडानंतर उपासमार सोडली आणि मध्यम मार्ग सांगितला, त्याच्या धम्मात हे कसे बसते? शिवाय १८७२ पर्यंत या पर्वतावर स्त्रियांना पाऊल टाकायची बंदी होती. आणि ज्या देशात झाडादगडांत बुद्ध पाहिला गेला, तिथेच बुराकुमिन म्हणून माणसांना अस्पृश्य ठरवले गेले. काही बौद्ध मंदिरांनी त्यांच्या मृतांनाही हिणवणारी धम्मनावे दिली. सदापरिभूताचे नाव घेणे सोपे, त्याच्यासारखे वागणे फार कठीण.

हिएइने राजकारणही भरपूर केले, शस्त्रधारी भिक्खूंच्या फौजा पाळल्या. १५७१ मध्ये ओदा नोबुनागाने सगळा पर्वत जाळला. बायामुलांनाही सोडले नाही. विहार पुन्हा उभे राहिले, फेरीही चालू राहिली, पण पूर्ण करणारे तेव्हापासून पन्नासच्या आसपासच. त्यातले युसाइ साकाइ (१९२६–२०१३) आम्हाला सर्वांत जवळचे वाटतात. युद्धातून परतलेला, धंद्यात बुडालेला, पत्नी गेलेला हा माणूस चाळिशीच्या सुमारास संघात आला. त्याने १९८० मध्ये फेरी पूर्ण केली आणि लगेच दुसरी धरून १९८७ मध्ये, साठी गाठल्यावर, तीही संपवली.

'संपवली' हा शब्द मात्र तितकासा बरोबर नाही. या साधनेला हजार दिवसांची म्हणतात, पण डोंगरावर प्रत्यक्ष चालायचे दिवस ९७५ धरतात. उरलेले पंचवीस दिवस साधकाने जन्मभर चालायचे असतात.