हे चित्र आहे, हे नाटक आहे

गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पद्मपूर नावाचं एक गाव आहे. भवभूतीने आपल्या पूर्वजांचं म्हणून सांगितलेलं विदर्भातलं पद्मपूर ते हेच, असं वा. वि. मिराशींचं मत. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. पण आमगावकरांनी तो वाद आपल्यापुरता कधीच मिटवलाय. तिथल्या कॉलेजचं नावच भवभूती महाविद्यालय आहे!

भवभूती आठवला तो अर्व्हिंग गॉफमनमुळे. या समाजशास्त्रज्ञाचं 'फ्रेम ॲनालिसिस' १९७४ साली आलं. थोडक्यात म्हणणं असं, की समोर काय चाललंय ते नुसत्या घटनेवरून कळत नाही, तिच्याभोवतीच्या चौकटीवरून कळतं. मूळ कल्पना ग्रेगरी बेटसनची. त्याने १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांना खोटंखोटं भांडताना पाहिलं. दिसायला भांडणच, पण 'हा खेळ आहे' हे दोघांनाही ठाऊक. रंगमंचावर खून झाला तरी आपण पोलिसांना बोलावत नाही, ते यामुळेच.

आता याच नजरेने आठव्या शतकातलं 'उत्तररामचरित' बघा. पहिल्या अंकात राम, लक्ष्मण आणि सीता वनवासाची चित्रं बघत असतात. शूर्पणखा दिसताच सीता दचकते, आता ताटातूट होणार म्हणून. राम समजावतो, की अगं, हे चित्र आहे. सातव्या अंकात गंगेकाठी वाल्मीकींनी रचलेलं नाटक अप्सरा करून दाखवतात. प्रेक्षकांत राम आहे आणि अयोध्येची प्रजाही. टाकून दिलेली सीता गंगेत उडी घेते, तिला जुळे मुलगे होतात. राम भान विसरून तिला हाका मारू लागतो. आता समजावायची पाळी लक्ष्मणाची: हे नाटक आहे.

दिलासा तोच, पण दोन्ही वेळा फसवा. चित्राने घाबरलेल्या सीतेचा त्याच अंकात त्याग होतो. आणि नाटकात दिसतं ते तर खरोखरच घडलेलं असतं! सीतेला श्वापदांनी खाल्लं असं राम इतकी वर्षं समजून बसलाय. खरं काय झालं, ते त्याला कळतं नाटकातून. मग चौकट मोडून खरी सीताच समोर येते.

वाल्मीकिरामायणात भरसभेत पुरावा सीतेकडे मागितला जातो, आणि ती धरणीच्या पोटात जाते. भवभूतीची अरुंधती मात्र जाब विचारते तो प्रजेला. ज्यांच्या कुजबुजीमुळे सीता वनात गेली, तेच आता प्रेक्षक म्हणून बसलेत. त्यांच्या माना खाली जातात आणि ते सीतेला नमस्कार करतात. नाटक बघायला म्हणून आलेली माणसं साक्षीदार होतात, आणि आरोपीही.

'गोष्टच तर आहे' असं आपण किती सहज म्हणतो. लक्ष्मणही तेच म्हणाला होता. मला मात्र भान विसरून उठलेला राम जास्त शहाणा वाटतो.