पद्मिनीच्या पाटल्या

मागच्या वेळी आपण आगळ आणि सोलांचा हिशोब मांडला होता. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. आपल्याला गाडी म्हणजे एसटी, रिक्षा, नाहीतर झिलाची मोटरसायकल. पण ही गाडी वेगळी. आमच्या गटातल्या एका काकींच्या मांगराशेजारी ती वीस वर्षं झावळ्यांखाली उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. मागच्या सीटवर नारळाच्या सोडणांचा ढीग. प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची.

एक दिवस भंगारवाला आला आणि उक्ते अठरा हजार देतो म्हणाला. काकींचा मुलगा तयार झाला. काकी उंबऱ्यावर येऊन म्हणाल्या, "गाडी विकूची नाय. माझ्यो पाटल्यो तिच्यात आसत."

पुढच्या बैठकीत त्यांनी गाडी दुरुस्त करायला गटाकडे चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. काही जणी हसल्या. खरं सांगतो, आम्हीही हसलो. शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, मुलीच्या फीला देतो. गंजलेल्या गाडीला कोण देणार? पण पाटल्यांचा विषय डोक्यातून जाईना. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं हे तोंडपाठ आहे. आपल्या गावची चूल चालवणाऱ्या टॅक्सीचा इतिहास मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो आम्ही शोधायला लागलो.

शोधताना पहिलं लक्षात आलं ते हे, की मोटार आणि बाईचा पैसा यांचं नातं पहिल्या मोटारीपासूनचं आहे. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ ला आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचा धंदा बुडायला आला होता तेव्हा बर्था यांनी आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच त्यात घातली होती. (हुंड्याचं कौतुक नाही हो, पण झालं ते असं.) गाडी तयार झाली, तरी कोणी विकत घेईना. लोकांना भरवसा नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये एके सकाळी बर्था यांनी नवऱ्याला न विचारता गाडी बाहेर काढली, दोन मुलग्यांना बरोबर घेतलं आणि निघाल्या. कुठे? माहेरी! मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. तोवर एवढा लांबचा प्रवास मोटारीने कोणी केलाच नव्हता.

वाटेत पेट्रोल पंप कुठला असायला? एका गावात औषधाच्या दुकानातून कपड्यांचे डाग काढायचं द्रव्य विकत घेऊन त्यांनी टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. एका तारेला आवरण हवं होतं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढणीला पोरांनी गाडी ढकलली. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर बसवा. आपल्या फोंडा घाटात कण्हत चढणारा ट्रक ऐकला की आम्हाला आता ही बाई आठवते.

यानंतर गाड्यांना बायकांची नावं मिळाली. मर्सिडीज हे एका गाडीविक्याच्या लेकीचं नाव. १९०० साली त्याने मोठी ऑर्डर देताना तिचं नाव गाडीला लावायला लावलं. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून छोटी मोटार स्वतः बनवून पाहिली. तिचं नाव मीरा. बारा हजारात सामान्य माणसाला गाडी देण्याचं त्यांचं स्वप्न होतं. कारखाना काही उभा राहिला नाही. आणि मग पद्मिनी, चितोडच्या राणीच्या नावाची. नाव बाईचं, स्टिअरिंगवर बाप्या आणि कागदावरही बाप्या. यावर आमच्या बैठकीत बराच वेळ गेला.

पद्मिनीचं कूळ मराठी मुलखातलं आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी आगबोटींची कंपनी काढली, विमानाचा कारखाना काढला, जहाजबांधणी काढली. मोटारीचा कारखानाही त्यांना हवा होता. इंग्रज सरकारची साथ मिळाली नाही, तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग आणून जोडत. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० बनू लागली. त्या गोलमटोल गाडीला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ मध्ये तिची चौकोनी अंगाची बहीण आली. तीच १९७४ पासून पद्मिनी. २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबलं. त्या काळात गाडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत.

कलकत्त्याने ॲम्बॅसेडर टॅक्सी धरली, मुंबईने पद्मिनी. इंजिन लहान, १०८९ सीसीचं. सुटे भाग स्वस्त, आणि कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री ती खोलू शकायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग. टपावर कॅरिअर. चतुर्थीला त्या कॅरिअरवरून गावात काय काय उतरायचं ते पन्नाशीच्या पुढच्या बायांना विचारा. माटवीचं सामान, ट्रंका, बॅटरीवरचा रेडिओ, एकदा तर आख्खी लोखंडी खाट. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधी एसटी, किंवा वाडीतल्या कोणाची टॅक्सी असली तर ती. त्याही आधीच्या आगबोटी आमच्या आज्यांनी पाहिलेल्या.

आता काकींची गोष्ट. त्यांचे यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कित्येकांना पुन्हा गिरणीचं दार दिसलंच नाही. आपल्या तालुक्यातल्या किती घरांची मनिऑर्डर त्या वर्षी थांबली, ते आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या सांगतील. काकींचे यजमान दोन वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवत होते. १९८४ मध्ये जुनी पद्मिनी विकाऊ निघाली. पैसे कमी पडले. काकी तेव्हा नव्या नवरीच. त्यांनी मालवणच्या बाजारात पेढीवर चार पाटल्या गहाण ठेवल्या. त्या सुटल्या नाहीत. पण टॅक्सीच्या पैशांत दोन मुलं शिकली, घरावर कौलं चढली, नणंदेचं लग्न झालं.

त्या टॅक्सीत काकी किती वेळा बसल्या? आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी बोटं मोजली. सात वेळा. सगळ्या वेळा मागे, सामान मांडीवर घेऊन. गाडी मुंबईला, बाई गावाला.

२००२ साली गाडी थकली आणि चालवणाराही थकला. टॅक्सीची नोंद काढून खाजगी केली, रंग बदलला आणि तिला गावी आणलं. दोन-तीन वर्षं चालली. मग यजमान गेले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ती बातमी काकींनी टीव्हीवर पाहिली होती. कर्ज मागण्यामागे तेच होतं.

गटात दोन बैठका वाद झाला. एकीने सुचवलं, पर्यटक येतात तारकर्लीला, त्यांना फिरवू, कर्ज फिटेल. आम्ही नियम पाहिले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आहे. आणि अशी गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. आपली गाडी १९७८ ची, म्हणजे पन्नास वर्षं २०२८ ला होणार. तोवर साधी नोंदणी नवी करून घ्यायची. म्हणजे कमाई शून्य. हे बैठकीत आम्ही स्पष्ट सांगितलं. खोटं उद्दिष्ट लिहून कर्ज उचलायचं नाही, ही आमच्या गटाची रीत आहे. शेवटी ठरलं: पंचवीस हजार, घरगुती कारणासाठी, हप्ता कोकमाच्या हंगामातून. तिघींचा विरोध इतिवृत्तात नोंदवला. त्यातली एक अजूनही म्हणते की शौक आहे हा. म्हणू दे. तिचंही खोटं नाही.

पहिल्याच पावलाला आम्ही फसलो. जवळच्या एका गॅरेजला गाडी दिली. आठवड्यात ती चकाचक झाली. नऊ हजार गेले. पावसाळ्यात दरवाजाखालचा भाग हाताने दाबला तर बोट आत! गंज न कापता त्यावर पुट्टी थापली होती. आपली हवा खारी, गंज आतून पोखरत जातो. तेव्हा एका जुन्या मिस्त्रींनी शिकवलं ते सगळ्यांनी ऐका, सेकंडहँड रिक्षा घेतानाही उपयोगी पडेल. साधं लोहचुंबक घ्या, पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

हे मिस्त्री मुंबईत उमेदीची वर्षं काढून कणकवलीला परतलेले. पद्मिनीचं इंजिन जाम झालं होतं. त्यांनी घाई केली नाही. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून चौघांना मागेपुढे हलवायला लावली. दुसऱ्या दिवशी 'टक्' आवाज आला, सुटलं. टाकीतून मातीसारखं पेट्रोल निघालं. ब्रेकची रबरं तर हातात चुरा झाली. खालचा पत्रा कापून नवा वेल्ड केला.

मिस्त्रींमुळे ती पोरं आली. खुळी पोरं म्हणतो आम्ही त्यांना, प्रेमाने. कोणाकडे आजोबांची लॅम्ब्रेटा, कोणाकडे येझदी, एकाकडे जुनी जीप. रविवारी कोणाच्या तरी बागेत जमतात आणि दिवसभर तेलात हात घालतात. आम्हाला वाटायचं जुन्या गाड्यांचा नाद म्हणजे राजेरजवाड्यांचा. दिल्लीत १९६४ पासून जुन्या गाड्यांची रॅली निघते, कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, ती बघायला गर्दी लोटते. ही पोरं मात्र प्लंबर, मच्छीमार, एक शाळामास्तर. एकाने बेळगावहून कार्ब्युरेटर आणला, एकाने चाकाच्या दोन वाट्या दिल्या. पैसे घेतले नाहीत. घावने आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं घेतलं, तेही तीन रविवार.

भांडण झालं ते रंगावरून. रंग खरवडला तेव्हा वर साय-रंग, त्याखाली टपावर पिवळा आणि अंगावर काळा निघाला. आम्ही हात लावून बघत बसलो. एका थरात काकींचं म्हातारपण, दुसऱ्यात सगळा संसार. पोरं म्हणाली मूळ रंग काळा-पिवळाच, तोच द्या. मिस्त्री म्हणाले खाजगी गाडीला टॅक्सीचा रंग नको, अडवतील. शेवटी साय-रंगच दिला. डिकीच्या झाकणाला आतून मात्र तळहाताएवढा तुकडा तसाच सोडला, अर्धा काळा, अर्धा पिवळा.

नोंदणीचे कागद अजून व्हायचे आहेत. आरसी बुकावर यजमानांचंच नाव आहे. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ असतो. मुलगा म्हणाला माझ्या नावावर करू. काकी काही बोलल्या नाहीत, फक्त पेढीची जुनी पावती काढून टेबलावर ठेवली. १९८४ ची, घडी पडून चिरलेली. फॉर्म त्यांच्या नावाने भरला आहे.

गेल्या महिन्यात इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. रस्त्यावर न्यायची परवानगी नाही म्हणून खळ्यातच. सून स्टिअरिंगवर बसली. तिला मोटारीचा परवाना आहे, पण गिअरचा दांडा तिला सापडेना, ती खाली शोधत होती. सगळे हसले. काकी नेहमीच्या सवयीने मागचं दार उघडायला गेल्या. सून म्हणाली, "पुढे बसा हो, आई." काकी पुढच्या बाकावर बसल्या, पदर सावरला, आणि खळ्यातून तुळशीपर्यंत, साधारण पंधरा पावलं, गाडी गेली.