तुटणारी तार

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण घराघरांत ते पोहोचले दूरध्वनीच्या तारेवरून आणि त्या तारेच्या अटींवर. ही यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी घडलेली, सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झच्या अरुंद पट्ट्याची. मोडेम संगणकाची अक्षरे ध्वनीत बदलून याच पट्ट्यात दाटीवाटीने बसवी. खरखर आली तर माणूस 'काय म्हणालात?' असे विचारतो. मोडेमची सहनशक्ती बहुधा सेकंद-दीड सेकंदाची. तेवढा वेळ पलीकडचा ध्वनी हरवला की तो फोन ठेवून देई.

आम्ही मात्र दोष मोडेमलाच देत राहिलो. कारण पुष्कळदा घरातच असे: स्वयंपाकघरातल्या जोडफोनचा कुणी उचललेला रिसीव्हर, नाहीतर दुसरा फोन येत असल्याची 'कॉल वेटिंग'ची टुणटुण. ती सुविधा बंद करावी, जोडफोन काढून पाहावा; आणि पावसाळ्यात तारेच्या सांध्यांत ओल शिरली, की ५६ केचा हट्ट सोडून मोडेमचा वेग मुद्दाम उतरवावा. हा शेवटचा उपाय आम्हांला सर्वांत उशिरा पटला. वेग कमी केल्याने काम लवकर होते, हे कोणाला खरे वाटावे?

प्रत्येक नव्या जोडणीला फोनचा नवा कॉल पडे. तासभर जुळवलेले पत्र एकदा पाठवण्याची कळ दाबताच गेले, तेव्हापासून आम्ही मजकूर आधी कागदावर पुरा करू लागलो. त्या वह्यांतली खाडाखोड अजून शाबूत आहे. पाठवलेली पत्रे मात्र त्या खात्याबरोबरच गेली.